जुन्या मारुतीचा डुलणारा स्टेअरिंग कॉलम: पाना लावण्याआधी सैल कुठे आहे ते शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी 2004 सालची मारुती 800, घर मालवणजवळ, समुद्र हाकेच्या अंतरावर. वडील गाडीत बसताना स्टेअरिंगला धरून स्वतःला आत ओढून घेतात, तेव्हा अख्खं स्टेअरिंग बोटभर वर-खाली होतं. खड्ड्यात चाक गेलं की डॅशबोर्डखालून 'टक' असा आवाज येतो. एका मिस्त्रींनी सांगितलं, "दोन टाके वेल्डिंग मारून देतो, जन्मात हलणार नाही." दुसऱ्यांनी सांगितलं, रॅकच (स्टेअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारी गाडीखालची दातेरी पट्टी) बदला. आता कोणाचं ऐकायचं?

आज तरी दोघांचंही ऐकू नका. रॅक बदलायचा की नाही हे गाडीखाली गेल्याशिवाय कळत नाही, आणि कॉलमला, म्हणजे स्टेअरिंगचा दांडा ज्या नळीतून खाली जातो तिला, वेल्डिंग तर कधीच करायचं नाही. ते का, ते पुढे सांगतो.

कुडाळात हायवेला लागून माझं गॅरेज आहे, तीस वर्षं होऊन गेली. गिऱ्हाईक आलं की वाक्य एकच असतं, "स्टेअरिंग हातात येतला मरे!" पण हातात येण्याच्या तऱ्हा निरनिराळ्या. कधी मधला नट सैल असतो, कधी दांड्याचा बुश (दांडा ज्यात फिरतो ती बांगडी) झिजलेला असतो, कधी कॉलम धरणारे बोल्ट सुटत आलेले असतात, कधी पायाशी वरचा दांडा खालच्या दांड्याला जोडणारा जॉइंट गेलेला असतो, आणि कधी बोल्ट ठणठणीत पण ज्या पत्र्यात ते बसलेत तो पत्राच कुजलेला असतो. बाहेरून सगळ्यांचं दुखणं एकच दिसतं, 'सैल आहे'. म्हणून आधी दहा मिनिटं फक्त हाताने तपासायचं, पाना पेटीतच ठेवायचा.

गाडी सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवा, पण किल्ली फिरवून स्टेअरिंगचं लॉक सोडवा. लॉकमध्ये ठेवून हलवलंत तर लॉकच्या खुंटीचा थोडासा खेळ हाताला लागतो आणि नसता संशय येतो. आता स्टेअरिंग घड्याळातल्या 12 आणि 6 वर धरा आणि वर-खाली दाबा. नजर स्टेअरिंगवर ठेवू नका, त्याच्या मागच्या प्लास्टिकच्या कव्हरवर ठेवा. कव्हर, इंडिकेटरची दांडी, किल्लीचं लॉक हे सगळं स्टेअरिंगबरोबर डुलत असेल तर कॉलम डॅशबोर्डखालच्या आपल्या जागी सैल झालाय. कव्हर स्थिर आणि स्टेअरिंग दांड्यासकट आत लटलट करतंय असं दिसलं तर कॉलमच्या नळीतला वरचा बुश किंवा बेअरिंग गेलं. दांडाही स्थिर आणि फक्त स्टेअरिंगच डुगडुगतंय, तर मधला नट. हा शेवटचा प्रकार सगळ्यात सोपा आणि सगळ्यात धोक्याचा. तो सापडला तर गाडी जागेवरून हलवू नका, नट आधी आवळा.

मग एक माणूस मदतीला घ्या. तो स्टेअरिंग बोटभर डावी-उजवीकडे खेळवत राहील, तुम्ही पेडलांपाशी वाकून खालच्या जॉइंटवर बोट असं ठेवा की अर्धं बोट वरच्या भागावर आणि अर्धं खालच्या भागावर येईल. वरचा भाग हलला आणि खालचा क्षणभर थांबून मग हलला, तर ते बोटाला डोळ्यांच्या आधी कळतं. तसं असेल तर तुमचा 'टक' तिथला.

तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज पहिल्याच प्रकाराकडे जातो: कॉलमचे बोल्ट, किंवा ते धरणारा पत्रा. वडिलांचं स्टेअरिंगला लोंबकळणं हे त्याचं मोठं कारण असतं. आमच्याकडे येणाऱ्या अशा गाड्यांत घरात म्हातारं माणूस आहे का, हे मी आता विचारूनच घेतो. कॉलम हा वळवण्यासाठी असतो, सत्तर किलोचा माणूस वर उचलण्यासाठी नाही. वडिलांना दोष देत नाही, 800 ची सीटच इतकी खाली आहे की गुडघेदुखीवाल्याला धरायला दुसरं काही सापडत नाही.

आता कामाकडे. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. तुमच्या गाडीत एअरबॅग नाही, त्यामुळे ती भीती नाही, पण हॉर्नची आणि किल्लीची वायरिंग तिथेच आहे आणि लोखंडी पाना तिथेच फिरणार आहे. (ज्यांच्या गाडीत स्टेअरिंगवर एअरबॅग आहे त्यांनी हे सगळं घरी करू नये. बास.) कॉलमखालचं प्लास्टिक कव्हर स्क्रूंवर असतं, ते काढा. स्क्रू कुठला कुठे होता हे लक्षात राहत नाही, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मग ड्रायव्हरच्या सीटवर उलटं झोपा, डोकं पेडलांकडे, पाय सीटच्या पाठीवर. यात शोभा नाही, पण दुसरा मार्गही नाही.

टॉर्च लावून वर पाहिलंत की कॉलमची नळी दिसेल आणि तिला डॅशबोर्डखालच्या आडव्या पत्र्याला बांधणारं ब्रॅकेट दिसेल. साधारण मांडणी वर एक जोडी आणि खाली पेडलांजवळ एक जोडी अशी असते, डोकी बहुधा 12 च्या पान्याची. पाना लावण्याआधी प्रत्येक बोल्टाचं डोकं नीट पाहा. जो घट्ट आहे त्याच्याभोवती धूळ आणि जुना काळा थर सलग असतो. जो हलतोय त्याच्या वॉशरभोवती चकचकीत घासलेलं कडं दिसतं, आणि कड्याच्या काठाला तपकिरीसारखी लालसर बारीक भुकटी. ती भुकटी बोटाने पुसा आणि नाकाशी न्या, गंजाचा वास येतो. लोखंडावर लोखंड महिनोन्महिने घासलं की ती तयार होते. ती दिसली की हाच बोल्ट तुमचा, दुसरा शोधू नका. मात्र बाकीचेही तपासा, कारण एक सैल झाला की त्याचा भार शेजाऱ्यावर पडलेला असतो.

इथे बहुतेक जण पाना लावून करकचून आवळतात आणि घरी जातात. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. सैल झालेला बोल्ट पूर्ण बाहेर काढून पाहायचा, एका वेळी एकच, म्हणजे कॉलम खाली येत नाही. आटे बघा. मधले दोन-तीन आटे चपटे झाले असतील तर तो बोल्ट फेकायचा. नवा घेताना बांधकामाच्या दुकानातला पत्रा ठोकायचा बोल्ट चालत नाही, तो मऊ असतो. डोक्यावर 8.8 असा आकडा कोरलेला हवा, जाडी आणि आट्यांची चाल जुन्यासारखीच हवी. लांबीही तीच, जास्त लांब घेतला तर मागच्या वायरिंगला टेकतो. स्प्रिंग वॉशर नवा घाला, त्याची किंमत चहापेक्षा कमी आहे. बोल्ट ज्या नटात जातो तो पत्र्याला मागून चिकटवलेला असतो. त्यात गंज असेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून अर्धा तास थांबा, आणि बोल्ट हातानेच आत-बाहेर फिरवत आटे साफ करा. हाताने जात नसेल तर पान्याने जबरदस्ती करू नका, आटे तिरपे चढतात आणि मग पत्र्यामागचा नटच गरगर फिरायला लागतो. तो एकदा सुटला की अर्ध्या तासाचं काम दोन दिवसांचं होतं.

किती आवळायचं? मॅन्युअलातला आकडा अंतिम, पण हातात मॅन्युअल नसतं म्हणून सांगतो. छोट्या सुझुकी गाड्यांत कॉलम धरणाऱ्या बोल्टांना साधारण 14 न्यूटन-मीटर आणि खालच्या जॉइंटच्या बोल्टाला साधारण 25 न्यूटन-मीटर टॉर्क दिलेला असतो. टॉर्क पाना नसेल तर असं समजा: 25 सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला दहा किलोचा जोर म्हणजे साधारण 25 न्यूटन-मीटर. आणि 14 म्हणजे त्याच पान्यावर सहा किलोलाही कमी. पाय टेकवून, दात खाऊन आवळायची ही जागा नव्हे. ब्रॅकेटचा पत्रा पातळ असतो.

आता वेल्डिंगचं. माझी उमेदवारी चालू असताना मी स्वतः एका जुन्या गाडीचा कॉलम ब्रॅकेटला टाके मारून पक्का केला होता. गिऱ्हाईक खूश, मीही खूश. उस्तादांनी दुसऱ्या दिवशी पाहिलं आणि तेवढंच विचारलं, "समोरून धडकली तर हा दांडा जायचा कुठे?" मला उत्तर सुचलं नाही. त्यांनी ग्राइंडर हातात दिला आणि टाके कापून काढायला लावले.

उत्तर असं: जुन्या काळी गाड्यांचा कॉलम म्हणजे सरळसोट लोखंडी दांडा असे. समोरून टक्कर झाली की पुढचा भाग मागे सरके आणि तो दांडा भाल्यासारखा ड्रायव्हरच्या छातीत येई. म्हणून दबणारे कॉलम आले. अमेरिकेत जनरल मोटर्सने 1967 च्या मॉडेलांत ते दिले आणि पुढच्याच वर्षी तिथे त्याचा नियम झाला. अशा कॉलमची नळी एकात एक सरकणारी असते, किंवा ब्रॅकेट ठरावीक धक्क्याला आपली जागा सोडतं. काही गाड्यांत ब्रॅकेटच्या खाचेत मऊ तुकडे बसवलेले असतात, धक्का बसला की ते तुटून कॉलम मोकळा होतो. म्हणजे तुटणं हेच त्यांचं काम. त्यावर टाका मारला की ते काम बंद. शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने आतला नायलॉनचा बुश वितळतो तो वेगळाच, आणि मग मिस्त्री म्हणतो बघा, स्टेअरिंग जड झालं, रॅक गेला. याच कारणासाठी मोठा, जाड बोल्ट घालायला ब्रॅकेटचं भोकही वाढवायचं नाही. आणि गाडीला कधी समोरून मार बसला असेल आणि ब्रॅकेट खाचेतून सरकलेलं दिसलं, तर आवळण्यात अर्थ नाही, कॉलम बदलायचा.

पण पत्रा कुजला असेल तर? आपल्याकडे हे फार होतं, घाटावरच्या मिस्त्रींना तितकं बघायला मिळत नाही. जून ते सप्टेंबर पाऊस, उरलेले महिने खारं वारं. समोरच्या काचेचं रबर वीस वर्षांत लाकडासारखं कडक होतं, त्याच्या कोपऱ्यातून पाणी डॅशबोर्डच्या मागे थेंब थेंब उतरतं. कार्पेट कोरडं दिसतं म्हणून कोणाला कळत नाही. बोल्ट काढल्यावर त्या भोकाभोवती पेचकसाच्या टोकाने टोचून बघा. चांगला पत्रा टणक वाजतो, कुजलेला पापडासारखा मोडतो. मोडला तर तिथे वेल्डिंग लागणारच, पण ते गाडीच्या पत्र्याला, कॉलमला नाही. हा फरक वेल्डिंगवाल्याला तोंडाने सांगा आणि समोर उभे राहा. कॉलम आधी पूर्ण बाहेर, वायरिंग बाजूला, बॅटरी काढलेली, कार्पेट गुंडाळलेलं, पाण्याची बादली आणि ओलं गोणपाट हाताशी. कुजलेला भाग कापून नवा पत्रा बसवायचा, वर ठिगळ लावायचं नाही. नंतर रेड ऑक्साइड आणि रंग दोन्ही बाजूंनी, नाहीतर दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच.

एकदा वेंगुर्ल्याकडची एक गाडी अशीच उघडली तर कॉलमच्या मागे उंदराने काथ्याचं व्यवस्थित घरटं केलेलं, वर चार सुपाऱ्या. पाणी शोषून ते घरटं कायम ओलं, आणि नेमका तिथलाच पत्रा गेलेला. चार महिने अंगणात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे असतंच. मुंबईहून गणपतीला येऊन जे गाडी इथेच ठेवून परत जातात त्यांनी आल्याबरोबर खाली वाकून बघत जावं.

वरचा बुश गेला असेल तर काम थोडं वेगळं. स्टेअरिंग काढावं लागतं. चाकं सरळ करा, हॉर्नचं पॅड काढा, आणि मधल्या नटाखाली दांडा आणि स्टेअरिंग या दोन्हींवर एक सरळ खूण करा. घरातलं नेलपॉलिश यासाठी उत्तम, पुसलं जात नाही. मग नट सैल करा, पण पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे अडकलेले राहू द्या. खाऱ्या हवेत स्टेअरिंग दांड्यावर असं जाम बसतं की ओढून ओढून दमल्यावर एकदम सुटतं आणि थेट तोंडावर येतं. माझ्या वरच्या ओठावरची खूण तिथलीच आहे. न निघाल्यास पुलर (स्टेअरिंग ओढून काढायचं हत्यार) लावा. दांड्याच्या टोकावर हातोडा मारायचा नाही, तो घाव खाली त्याच दबणाऱ्या भागावर जातो.

बुश मिळाला तर बदला. पुष्कळ गाड्यांना तो सुटा मिळत नाही, अख्खा कॉलम घ्यावा लागतो. मग भंगारातला चालेल का? चालेल, पण ज्या गाडीतून काढला ती पुढून ठोकलेली नाही ना, हे डोळ्यांनी पाहून. बाटलीचं प्लास्टिक गुंडाळून किंवा पितळी पत्री घालून बुश घट्ट करतात तो उद्योग करू नका. ती पत्री सरकली तर वळणावर दांडा अडकतो.

खालच्या जॉइंटला मी सगळ्यात जास्त मान देतो, कारण तो पायाशी, ओल्या पायपुशीच्या शेजारी असतो आणि कोणी बघत नाही. तिथला बोल्ट नुसता आवळलेला असून भागत नाही. तो खालच्या दांड्याला कापलेल्या खाचेतून आडवा गेलेला असावा लागतो, म्हणून दांडा जॉइंटमध्ये पुरेसा आत आहे की नाही हे आधी पाहायचं. खाच चुकली तर बोल्ट घट्ट लागतो, स्टेअरिंगही फिरतं, आणि एखाद्या दिवशी दांडा जॉइंटमधून निसटतो. बोल्ट नीट असूनही बोटाला खेळ लागत असेल तर दाते झिजलेत किंवा जॉइंटचा क्रॉस गेलाय. तिथे दुरुस्ती नाही, जॉइंट नवा घ्यायचा.

रॅकबद्दल थोडंच. वरचं सगळं घट्ट असून स्टेअरिंग फिरवल्यावर चाकं उशिरा ऐकत असतील तरच खाली जा. टाय रॉड एंड (रॅककडून चाकाकडे जाणाऱ्या दांडीच्या टोकाचा सांधा), रॅक धरणारे बोल्ट आणि त्यांचे रबर, मग शेवटी रॅक, या क्रमाने. वर-खाली डुलणाऱ्या स्टेअरिंगचा रॅकशी संबंध नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 98 वा नियम स्टेअरिंगचा प्ले, म्हणजे चाकं न वळता स्टेअरिंग नुसतं फिरतं तेवढा खेळ, 30 अंशांपर्यंत चालवून घेतो. म्हणजे घड्याळात 12 पासून 1 पर्यंत, रिमवर मोजलं तर साधारण नऊ-दहा सेंटिमीटर. तो नियम ट्रकपासून सगळ्यांना एकच आहे. 800 सारख्या रॅकच्या छोट्या गाडीत रिमवर 30 मिलिमीटरच्या वर प्ले गेला की मी कारण शोधायला लागतो. तेव्हा पंधरा वर्षांनंतरच्या फिटनेसला गाडी पास झाली होती, एवढ्यावर निश्चिंत राहू नका.

जाता जाता एक आठवण. जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचा गिअर स्टेअरिंगच्या दांडीवर असायचा. कॉलम थोडा जरी डुलायला लागला की गिअर नीट पडायचा नाही, म्हणून टॅक्सीवाले आपण होऊन लगेच घेऊन यायचे. 800 चा गिअर खाली आहे, त्यामुळे कॉलम सैल झाला तरी गाडी मुकाट चालते आणि माणसं वर्ष वर्ष ढकलतात.

सगळं बसवून झालं की बॅटरी जोडा आणि चार गोष्टी बघा: हॉर्न वाजतो, इंडिकेटर वळणानंतर आपोआप परत येतो, किल्ली काढल्यावर लॉक बसतं आणि घातल्यावर सुटतं, आणि सरळ रस्त्यावर स्टेअरिंग सरळ राहतं. आधी वाडीतल्या रस्त्यावर हळू चालवा. करूळ किंवा आंबोलीचा घाट त्या दिवशी नको. आठवड्याने कव्हर उघडून त्याच बोल्टांना पुन्हा एकदा पाना लावून बघा. वॉशरच्या कडेला लाल भुकटी पुन्हा दिसली तर पत्र्यात काहीतरी राहिलंय, सरळ चांगल्या पत्रेवाल्याकडे न्या.

आणि मे महिना संपायच्या आत दोन कामं करा. काचेच्या वरच्या कोपऱ्यांवर तांब्याने सावकाश पाणी ओता आणि कोणाला तरी डॅशबोर्डखाली टॉर्च घेऊन बघायला बसवा. थेंब आला तर रबर बदला. आणि वडिलांसाठी दाराच्या वर छताला धरायची कडी बसवून घ्या. पत्र्याच्या आतल्या मजबुतीला स्क्रू लागला पाहिजे, नुसत्या अस्तराला नको.